फुकेटला ताजी मासळी स्वतः निवडून जेवलो – माझा अनुभव

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे कृषी केंद्रवाले आता कंपनीच्या टूरवर थायलंडला लय जाऊन राहिले, आणि परत आले की बरेच जण सांगतात की तिथं खायचे हाल झाले, म्हणून हे लिहून राहिलो. आमच्या टूरमध्ये पण रोज तोच इंडियन बुफे, जिरा राईस, पनीर, पिवळी डाळ, आणि खिडकीतून समोर समुद्र दिसतोय. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढिवराच्या घरचा, आजा आणि बाप मामा (माजी मालगुजारी) तलावात जाळं टाकत आले, मले काही ते पटेना. फ्री दिवस मिळाला तसे आम्ही चौघं निघालो, सोबत साकोलीचे एक माळकरी काकाजी पण होते, ते म्हणाले मी खाणार नाही पण पाहायले येतो.

जायचं ठिकाण रावाई. फुकेट बेटाच्या दक्षिण टोकाला आहे, फुकेटच्याच पाटोंग बीचवरून अॅपची टॅक्सी करा, भाडं आधीच दिसते. तिथं किनाऱ्याला लागून एक गल्ली आहे, एका बाजूला मासळीची दुकानं आणि दुसऱ्या बाजूला हॉटेलं. मासळी तुम्ही घ्यायची, पिशवी समोरच्या हॉटेलात द्यायची, ते रांधून देतात आणि फक्त रांधायचे पैसे घेतात, आम्ही गेलो तेव्हा किलोमागं 100 बाटच्या आसपास. एक बाट (तिथलं चलन) तेव्हा अडीच रुपयाच्या आगेमागे होता.

दुकानं उराक लावोय लोकांची, म्हणजे तिथले पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगणारे लोक. बाया बसतात विकायले, पाण्याची नळी सुरू, समोर टबात खेकडे दोरीनं नांग्या बांधलेले, आणि एक प्रकारचा मोठा झिंगा तर एकेक करून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवलेला, कारण एकत्र ठेवले की ते एकमेकाले मारतात. मी तिथंच उभा राहून पाहत होतो किती वेळ. या लोकांचे राहत्या जागेचे वाद वर्षानुवर्षं कोर्टात आहेत असं समजलं, तेव्हा आपल्याकडच्या तलावातल्या मासेमारीच्या ठेक्याची आठवण आल्याशिवाय राहिली नाही.

आता घ्यायचं कसं ते सांगतो. पाटीवरचा भाव किलोचा आहे की 100 ग्रॅमचा हे सगळ्यात आधी विचारा, तिथं 100 ग्रॅमवर पण भाव सांगतात आणि स्वस्त वाटून माणूस फसते. मग घासाघीस करा, चालते, कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा, ती बाई दुसरा दाखवते, असं करत करत जमते. वजन करताना पाणी निथळून घ्यायले लावा. मासा मेलेला असेल तर कल्ला उचलून पाहा, लालभडक पाहिजे आणि डोळा फुगीर, बोटानं दाबलं तर खड्डा राहू नये. हे आपल्याले कोणी शिकवायची गरजच नाही, रोहू-कतला घेताना आपण हेच करतो ना भाऊ. आम्ही जिताडा घेतला, थोडे टायगर झिंगे, आणि माकूल. लॉबस्टरच्या नादी लागलो नाही, त्या पैशात चौघांचं पोट भरते.

हॉटेलात मेनू कार्डावर फोटो असतात, कोणता मासा कसा पाहिजे ते बोट ठेवून सांगा, नाहीतर सगळं एकाच चवीचं येते. जिताडा वाफवून घेतला लिंबू, लसूण आणि हिरव्या मिरचीच्या आंबट पाण्यात, खाली शेगडी असलेल्या लांबट ताटलीत उकळतच आला. एवढा साधा, ना तेल ना मसाला, आणि तरी काटा सुटून येणारं ते पांढरं मांस तोंडात टाकलं तसं मी बोललोच नाही काही. आमच्या घरी मासा म्हणजे तिखट रस्सा, पण ताज्या मासळीले एवढं कमी लागते हे मले तिथं कळलं. झिंगे लसूण-मिरीत तळून, माकूल भाजून, सोबत हिरवी चटणी, मिरची-लसूण-लिंबू आणि मासळीच्या खारट सॉसची, ती आपल्या सावजीवाल्याले पण घाम आणेल अशी. भात सुगंधी, थोडा चिकट. आम्ही धानाच्या पट्ट्यातले, भात बरा आहे की नाही हे पहिल्या घासात कळते, चांगला होता.

काकाजींसाठी भाजी मागवली तर त्यात पण मासळीचा सॉस टाकतात, हे वेळेवर विचारलं म्हणून बरं झालं. शाकाहारी माणूस सोबत असेल तर साध्या भाजीच्या भरवशावर राहू नका. त्यांनी साधा भात, शहाळं आणि आंबा खाल्ला. बिल देताना रांधायच्या किलोचा आकडा आपल्या पिशवीच्या वजनाशी जुळवून पाहा, भात-पाणी वेगळं लागते.

गावी आल्यावर मी मच्छीमार संस्थेच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला. नवेगावबांधच्या तलावावर लोक फिरायले येतातच, आपल्या बायांनी तिथं ताजी मरळ आणि झिंगे विकावे, बाजूलाच चुलीवर रांधून द्यावे, पैसे दोन्हीचे आपल्याच घरात. चार-पाच बाया तयार आहेत. शेडची जागा आणि पाण्याची सोय एवढंच अडून राहिलं आहे, कोणाले यातली माहिती असेल तर सांगा.