दोघींचं एक अंडं

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर काहीबाही बघत पडले होते, तर समोर आला लेसान अल्बाट्रॉस. हवाई बेटांवरचा समुद्रपक्षी. पंख पसरले की सहा-साडेसहा फूट, उडताना राजा, पण जमिनीवर उतरला की नवी चप्पल चावतेय अशा चालीने चालतो बिचारा.

हे लोक (लोकच म्हणते, इतके ते आपल्यासारखे) वसाहत करून घरटी घालतात, आणि मादी सीझनला एकच अंडं घालते. फुटलं तर गेलं, त्या वर्षी दुसरं नाही. आणि तरी काही घरट्यांत दोन-दोन अंडी सापडायची. कौआई बेटावर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ ब्रेंडा झाउन यांच्या लक्षात आलं की हे दरवर्षी ठरावीक घरट्यांतच होतंय, मग त्यांनी तिथल्या पक्ष्यांची पिसं लिंडसे यंग या संशोधक बाईंकडे डीएनए टेस्टला पाठवली, कारण नर-मादी दिसायला अगदी सारखे. यंगबाईंना आधी वाटलं आपणच लॅबमध्ये घोळ घातलाय. परत केली, परत तेच. दोन्ही माद्या! मग ओआहू बेटावरच्या कएना पॉइंटला १२५ जोड्या बघितल्या तर त्यातल्या ३९ माद्या-माद्यांच्या, म्हणजे ३१ टक्के. २००८ मध्ये हे छापून आलं. तोपर्यंत दोघं शेजारी बसलेत म्हणजे नवरा-बायकोच, असं सगळे धरून चाललेले.

कारण साधं आहे, तिथे माद्या जास्त, जवळजवळ ६० टक्के, आणि पिल्लू वाढवणं एकटीचं काम नाही. अंडं उबवायचं पासष्ट दिवस, पुढे पाच-साडेपाच महिने भरवायचं, कुणीतरी समुद्रावर गेलं की कुणीतरी घरी पाहिजेच. मग दोघी जोडी जमवतात. अंडं फळायला नर लागतो तो बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचा तरी नवरा असतो, तो येतो नि आपल्या घरी जातो, त्याच्याबद्दल एवढंच पुरे.

मला अडकवलं ते पुढच्या गोष्टीने. एरवी अंडं घातलं की मादी भुकेने अर्धी झालेली असते, ती समुद्रावर निघून जाते आणि नर पहिली लांब पाळी करतो, दोन-तीन आठवडे न खाता न हलता. इथे दोघीही अंडं घालून बसलेल्या, दोघीही उपाशी, आता आधी कोण जाणार? त्यामुळे यांची अंडी जास्त वाया जातात, आणि दोनातलं एखादंच शेवटी पोटाखाली राहतं, ते कुणाचं हा निव्वळ नशिबाचा भाग. यंदा तुझं, पुढच्या खेपेला कदाचित माझं. एक जोडी म्हणे १९ वर्षं टिकली.

मी पण अशीच वाढले हो. बाबा बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने नाहीतच. आई सरकारी दवाखान्यात नर्स, तिला नाईट लागायची. घरात आत्या, ती दिवसा बालवाडीत शिकवायची. शाळेच्या गॅदरिंगला दोघी आल्या की कुणीतरी विचारायचंच, यातली आई कुठली? आणि आत्या आईच्या आधी म्हणायची, आज ही. म्हणजे उद्या मी, असा हिशेब. मला तेव्हा त्यात जोक आहे हेही कळायचं नाही, मला वाटायचं खरंच पाळ्या लावल्यात.

त्या व्हिडिओत पाळी बदलायचा सीन होता. एक समुद्रावरून आलेली, दमलेली, चोचीने दुसरीच्या मानेची पिसं साफ करत बसते. उठ, आता मी. बसलेली उठतच नाही. तिला जायचंय, भूक लागलीय, पण अंड्यावरून हलवत नाही. मग बाजूची हळूच खांद्याने ढकलते.

सकाळी साडेसातला आई ड्युटीवरून यायची. चप्पल काढायच्या आधी पिशवी खाली ठेवायची, आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात बसलेली असायची, मी तिच्या मांडीवर झोपलेली, बालवाडीची वेळ होत आलेली. आई म्हणायची, वन्सं, उठा, मी आले. आत्या म्हणायची, थांब गं, आत्ताच डोळा लागलाय तिचा.