स्लेडचं (स्नोमोबाइलचं) ग्रिप अपडेट: स्टड बसले, आता पुढची बाजू जमवतोय

मंडळी, गोठलेल्या ट्रेलवर स्लेडची पकड कशी वाढवली ते बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं टाकतो. इकडे मिशिगनमध्ये ट्रेल सीझन १ डिसेंबर ते ३१ मार्च, पण जानेवारीत मधेच उबदार दिवस येतात, वरचा बर्फ वितळतो आणि रात्री परत गोठला की वळणं आणि स्टॉप साइनच्या आधीचे पट्टे नुसती काच. तिथे ट्रॅकचे (खाली फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचे) सव्वा इंची लग, म्हणजे रबरी उंचवटे, काही कामाचे नाहीत, लगला रुतायला मऊ बर्फ लागतो. ब्रेक मारला की शेपूट आडवी.

तर मागच्या बाजूला ट्रॅकमध्ये ९६ स्टड (बर्फात रुतणारे धातूचे टोकदार खिळे) टाकले. ट्रॅक १२९ इंची. स्टड लगच्या वर पाव ते तीन अष्टमांश इंच यायला हवा, त्याहून लांब घेतला तर वाकतो नाहीतर रबरासकट उपटून येतो. आणि घ्यायच्या आधी ट्रॅक सिंगल प्लाय (आत एकच थर असलेला) नाही ना ते बघाच, तसल्या ट्रॅकला बऱ्याच कंपन्या स्टड नकोच म्हणतात.

सगळ्यात जास्त वेळ पॅटर्नमध्ये, म्हणजे स्टडची मांडणी ठरवण्यात गेला. एकामागोमाग एकाच रेषेत स्टड आले तर मागचे सगळे पहिल्याच्याच चरीत फिरणार, मग पैसे घालून उपयोग काय? प्रत्येकाला शक्यतो स्वतःची ताजी रेघ मिळाली पाहिजे. म्हणून टेम्प्लेट लावून खुणा केल्या, थोडे मधल्या पट्ट्यात, थोडे बाजूच्या पट्ट्यांत, कारण वळणात मागची बाजू धरून ठेवायला बाजूचेच मदत करतात. भोकं पाडायची, स्टड आतून बाहेर काढायचा, वरून बॅकर प्लेट (आधाराची चकती) आणि नट. कंटाळवाणं काम आहे, पण डुलकी घेत करू नका 😄 टनेलमध्ये (ट्रॅकच्या वरच्या पोकळ भागात) प्रोटेक्टर पट्ट्याही लावल्या, नाहीतर वेगात ट्रॅक फुगला की स्टड तिथला हीट एक्स्चेंजर (इंजिनचं कूलंट थंड करणारा भाग) थेट चिरणार.

आता ब्रेक सरळ लागतो, पिकअपही मस्त. पण मागची पकड एवढी वाढली की वळणात हँडल फिरवलं तरी स्लेड नाक सरळ ठेवून पुढे ढकलली जायची, म्हणून पुढच्या स्कीखालच्या रनरवरचं (धातूच्या पट्टीवरचं) चार इंची कार्बाइड (बर्फ कापणारी कडक धार) काढून सहा इंची घातलं. वळते छान, फक्त स्टिअरिंग जड झालंय आणि दुसऱ्यांच्या रनरने पाडलेल्या चरीत शिरली की स्की इकडेतिकडे ओढली जाते. आता ड्युअल रनर (एका स्कीखाली दोन) बघतोय, कोणी वापरलेत का?

हो, आइस स्क्रॅचर (बर्फ खरवडून चुरा उडवणारे) विसरू नका, लिक्विड कूल असेल तर नक्कीच. कडक बर्फावर एरवी थंडावा देणारा चुरा उडत नाही, मग इंजिनही तापतं आणि हायफॅक्सही (ट्रॅक ज्यांवर घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) झिजतात. रिव्हर्स घ्यायच्या आधी मात्र आपले स्क्रॅचर खाली असताना स्लेड मागे घेतलेली चालते का ते बघा, काही तसेच खाली ठेवले तर तुटतात. आणि स्टँडवर ट्रॅक फिरवताना मागे कोणालाही उभं राहू देऊ नका, स्टड सुटून उडाला तर गोळीच.