पांढरं अस्वल, पेंग्विन आणि नाशिकची द्राक्षबाग

ध्रुवावर जायला कुठला महिना चांगला, हे प्राणी ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. पेंग्विन हवे असतील तर अंटार्क्टिका, पांढरं अस्वल हवं असेल तर आर्क्टिक. एका सहलीत दोन्ही होत नाही. आणि निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला त्यात बागेचंही बघावं लागतं.

अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो, पेंग्विन एकमेकांच्या घरट्यातले दगड पळवत असतात. पण समुद्र गोठलेला असल्याने काही ठिकाणी बोट पोचत नाही. डिसेंबरअखेरीपासून जानेवारीत पिल्लं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर, शिवाय जहाज आणखी दक्षिणेला जाऊ शकतं. मात्र किनाऱ्यावर पेंग्विनच्या विष्ठेचा गुलाबी चिखल आणि नाक धरायला लावणारा वास. नोकरदारांना नाताळची सुट्टी छान जमते. बागाइतदाराची मात्र पंचाईत: नोव्हेंबरात डाऊनी (द्राक्षांवरचा बुरशीचा रोग) आणि अवकाळीची धास्ती, जानेवारीपासून काढणी. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उश्वाया बंदरातून अंटार्क्टिकापर्यंतचा समुद्र, म्हणजे ड्रेक पॅसेज, ओलांडायलाच जाताना दोन आणि येताना दोन दिवस जातात, म्हणजे पंधरवडाभर तरी बाग सोडावी लागते.

म्हणून बागाइतदारांनी जुलैत स्वालबार्ड, म्हणजे आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं, बघावीत, असं आमचं मत. खरड छाटणीनंतरची (एप्रिलच्या छाटणीनंतरची) काडी तेव्हा पक्व होत असते, पावसाळी फवारण्या घरचं कुणीही बघू शकतं. तिकडे मावळणारा सूर्यच नसतो. लाँगइयरब्येनला, तिथल्या मुख्य गावात, साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य क्षितिजाखाली जात नाही. अस्वलं, वॉलरस, कड्यांवरचे पक्षी, सगळं याच काळात. मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते खरी, पण २०२५पासूनच्या नियमानुसार १ मार्च ते ३० जून अस्वलापासून ५०० मीटर लांब राहावं लागतं, बाकी वर्षभर ३००. एवढ्या अंतरावर मोबाइलमध्ये अस्वल म्हणजे पिवळसर ठिपका. किमान ४०० मिमीची लेन्स आणि दुर्बीण न्याच.

व्हिसात हमखास घोळ होतो. स्वालबार्ड शेंगेनमध्ये (युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात) नाही, पण वाट ऑस्लोवरून जाते. तिथून बाहेर पडून परत आत यायचं असल्याने डबल एंट्री व्हिसाच घ्या. सिंगलवर परतताना अडकाल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

दिवाळीची सुट्टीच असेल तर कॅनडातलं चर्चिल. हडसन उपसागर गोठायची वाट बघत अस्वलं किनाऱ्यावर जमतात, बर्फ धरला की सीलच्या शिकारीला निघून जातात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचे पहिले दहा दिवस धरा. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर थोडं थांबून गेलेलं बरं.

अंटार्क्टिकाला निघताना बुटांचे तळवे आणि जॅकेटचं वेल्क्रो टोकदार ब्रशने साफ करा. जहाजावर तपासणी होते, आणि बागेतली माती किंवा गवताचं बी सापडलं तर ते निघेपर्यंत किनाऱ्यावर उतरू देत नाहीत.