एबीएसचा दिवा आणि ड्राय सोल्डर

गेल्या जुलैत पुण्याहून साताऱ्याला येत होतो. खंबाटकी घाट, धो धो पाऊस, पुढे कंटेनर आणि मागे हॉर्न वाजवणारी एसटी. वरच्या वळणावर मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागला तो घरी पोचेपर्यंत विझला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर दिवा गायब. पोवई नाक्यापर्यंत गेलो, भाजी घेतली, सगळं ठीक. परत निघालो आणि जेमतेम वीसचा वेग घेतला तोच महाशय हजर.

गाडी 2012 ची, सव्वा लाख किलोमीटर पळालेली. तेव्हा एबीएस फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं आणि त्यासाठी आम्ही जादा पैसे मोजले होते. एप्रिल 2019 पासून ते सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीचं झालं, ही गोष्ट वेगळी. दिवा लागला म्हणजे ब्रेक गेले असं नव्हे. साधे ब्रेक लागतात. करकचून दाबल्यावर चाकं लॉक होऊ नयेत म्हणून जी यंत्रणा असते, ती तेवढी स्वतःला बंद करून घेते. पिवळ्याच्या जोडीला हँडब्रेकचा लाल दिवाही लागला तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. मग एकतर ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं, नाहीतर मागच्या चाकांना किती जोर द्यायचा हे ठरवणारा भागही बंद पडलेला असतो. माझा फक्त पिवळा होता, म्हणून पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवून गाडी चालवत राहिलो.

नेहमीच्या मिस्त्रींना दाखवली. ते म्हणाले, "साहेब, नव्वद टक्के वेळा व्हील सेन्सरच असतो. चिखल, पाणी, वायर तुटते." व्हील सेन्सर म्हणजे चाक किती वेगानं फिरतंय हे मोजणारा भाग. मलाही पटलं. माझ्याकडे मोबाइलला जोडायचं एक स्वस्त स्कॅनर होतं, ते लावलं तर 'एकही दोष नाही' असं बिनदिक्कत सांगत होतं. ही असली स्कॅनरं बहुतेक फक्त इंजिनाचे दोषांचे कोड वाचतात, एबीएसच्या मॉड्यूलशी, म्हणजे ती यंत्रणा चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या डबीशी, त्यांची बोलाचालीच नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मग मल्टीमीटर काढला आणि पहिली घोडचूक केली. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये नुसती कॉइल असते, तिचा रोध साधारण हजार-दीड हजार ओहम येतो. पुढच्या डाव्या सेन्सरची वायर सुटी करून मोजलं, मीटर हलेना. "गेला सेन्सर!" म्हणून मी 2200 रुपयांचा नवा आणून बसवला. कंपनीचा नव्हे, बाजारातला. दिवा तसाच. मग उजवीकडचा मोजला, तोही तसाच. दोन्ही सेन्सर एकाच दिवशी कसे जातील? तेव्हा कुठं डोकं चाललं. या गाडीतले सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सवाले, त्यांना बॅटरीचा व्होल्टेज मिळाल्याशिवाय ते काम करत नाहीत. ओहम मोजून त्यांच्याबद्दल काहीही कळत नाही.

शेवटी एमआयडीसीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याच्याकडे मोठं स्कॅनर होतं. तीनशे रुपये घेतले, पण माझ्या आठवड्याभराच्या उचापतींपेक्षा पाच मिनिटांत जास्त कळलं. गाडी हळू चालवत स्क्रीनवर चारही चाकांचे वेग पाहिले: अठरा, अठरा, अठरा, अठरा. सेन्सर ठणठणीत. कोड निघाला तो एबीएसमधला ब्रेक ऑइलचा पंप फिरवणाऱ्या मोटरच्या सर्किटचा.

आता वीसच्या वेगाचं कोडं सुटलं. गाडी सुरू करून थोडा वेग घेतला की मॉड्यूल स्वतःची तपासणी करतं, पंप क्षणभर फिरवून बघतं. कान दिला तर बॉनेटखालून बारीक 'घर्र' ऐकू येतं. माझ्या गाडीत सकाळी थंड असताना ते यायचं, इंजिन तापल्यावर यायचं नाही आणि लगेच दिवा लागायचा.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "आतलं रिपेअर होत नाही सर, पूर्ण युनिटच बदलावं लागेल." बावन्न हजार, वर कोडिंग आणि ब्रेक ऑइल. तेरा-चौदा वर्षांच्या गाडीला!

त्या रात्री एक प्रयोग केला. गाडी फिरवून तापवली. दिवा लागलेला असतानाच इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं मॉड्यूलच्या काळ्या डबीवर दोन-तीन टिचक्या मारल्या. पुन्हा सुरू करून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. घर्र झालं, दिवा नाही.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, कोरेगावात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही घेऊन यायचे आणि सांगायचे, तासाभरानं चित्र जातं, वरून थाप मारली की येतं. आप्पा मागचं झाकण काढायच्या आधीच म्हणायचे, "थापेला ऐकतंय ना? मग ड्राय सोल्डर." ईएचटीच्या, म्हणजे टीव्हीच्या ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, जाड पायांभोवती किंवा जिथं जास्त करंट जातो तिथं डाखाला, म्हणजे सोल्डरच्या सांध्याला, केसासारखी चीर पडते. थंड असताना टेकलेलं असतं, तापलं की सुटतं. मॉड्यूलमध्ये सगळ्यात जास्त करंट जातो तो पंप मोटरला. आप्पा असते तर गाडीकडे न बघताच निदान करून मोकळे झाले असते.

रविवारी कामाला लागलो. एबीएसच्या युनिटचे तीन भाग असतात: मधे ॲल्युमिनियमचा ठोकळा, ज्यात ब्रेकच्या नळ्या येतात, एका बाजूला पंपाची मोटर, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची डबी. व्हॉल्व्ह ठोकळ्यात राहतात, त्यांच्या कॉइल डबीत असतात. म्हणून या गाडीत नुसती डबी काढता येते, नळ्या सोडाव्या लागत नाहीत आणि हवा काढायची भानगड नाही. नळ्या सोडायची वेळ आली असती तर मी घरी हे केलंच नसतं.

बॅटरी काढली, तिचा ट्रे काढला, कनेक्टरची खिट्टी वर ओढली. डबीला चार टॉर्क्स स्क्रू, टी20. तीन सरळ निघाले. चौथा खाली, बॉडीच्या पत्र्याला इतका चिकटून की तिथं पाना शिरेना. शेवटी एक बिट ग्राइंडरवर घासून अर्धा केला, बोटाच्या पेरानं आत दाबून धरला आणि छोट्या रिंग पान्यानं एकेक अष्टमांश फिरवत काढला. एका स्क्रूला पाऊण तास! डबी निघाल्यावर ठोकळ्यावर व्हॉल्व्हच्या नळकांड्या उघड्या राहतात, त्यांवर धूळ बसू नये म्हणून स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी बांधली. मग मोटरच्या दोन टोकांना फ्यूज लावलेल्या वायरीनं बारा व्होल्ट क्षणभर टेकवले. घर्र! मोटर जिवंत. म्हणजे दोष डबीतच.

झाकण स्क्रूचं नसतं, कारखान्यात कायमचं सील केलेलं असतं. हेक्सॉ ब्लेडचा तुकडा हातात धरून कडेकडेनं अगदी वरवर कापत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या. खोल गेलो तर बोर्डच कापला जाईल, ही धास्ती. अनेक मॉड्यूलमध्ये आत केसाएवढ्या ॲल्युमिनियमच्या तारा जोडलेल्या असतात, त्यांना साधा डाख धरत नाही; तसं निघालं असतं तर गपचूप झाकून ठेवणार होतो. नशीब, आत साधा बोर्ड निघाला, वर पारदर्शक जेलीचा थर.

आप्पांचं भिंग डोळ्याला लावलं. मोटरच्या जाड पायाभोवती डाखात एक बारीक, काळं, जवळजवळ पूर्ण वर्तुळ. चिमट्यानं पाय हलवला तर मधला भाग हलायचा आणि बाहेरचं कडं जागच्या जागी. तब्बल पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, एवढ्याशा रेघेचे बावन्न हजार?"

पुढचं काम सोपं. जेली लाकडी काडीनं खरवडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जागा पुसली, जुना डाख तांब्याच्या वेणीनं शोषून काढला, फ्लक्स लावून नवा 60/40 (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं) डाख भरला. पाय जाड असल्यानं पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न नुसती लाजत होती, साठ वॅटची लावल्यावर डाख चकचकीत वितळून चारी बाजूंनी बसला. शेजारच्या जाड पायांनाही हात फिरवला. झाकण सिलिकॉननं बंद केलं, पण हार्डवेअरवाल्याकडून मुद्दाम न्यूट्रल मागून घेतलं. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं.

सगळं परत बसवलं. पुढच्या रविवारी पहाटे एमआयडीसीच्या ओल्या, रिकाम्या रस्त्यावर नेली. आधी वीसला घर्र. मग चाळीसवरून करकचून ब्रेक. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. मुद्दाम तीनदा केलं, शेवटच्या वेळी एक कुत्रं भुंकत मागे लागलं. नंतर इलेक्ट्रिशियनकडे जाऊन जुने कोड पुसून घेतले. डाख, फ्लक्स, सिलिकॉन, बिट मिळून सातशेच्या आत काम झालं.

तीन आठवड्यांनी दिवा पुन्हा लागला. पोटात गोळा आला. डाख सुटला असं धरून चाललो. इलेक्ट्रिशियनचं मोठं स्कॅनर लावलं तर तीन चाकं बारा दाखवत होती आणि पुढचं डावं शून्य. म्हणजे मी उगीच बदललेला तो बाविसशेचा नवा सेन्सर गेला होता. जुना मी फेकला नव्हता, आप्पांच्या सवयीनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होता. पुसून परत बसवला, दिवा विझला. नवा आता डब्यात आहे.