भाऊ सज्ञान झाला आणि आईची सही चालेना

धाकट्या भावाच्या खात्यावर आईच सही करायची. त्याला अठरा पूर्ण झाली आणि बँकेतल्या बाईंनी स्लिप परत दिली. "आता तो सज्ञान आहे." भाऊ शेजारीच उभा होता. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. नाव विचारा, खणखणीत सांगेल, पण दहाची आणि शंभरची नोट त्याला सारखीच. "अहो, मी आई आहे त्याची," आई म्हणाली. "कागद लागेल," बाई म्हणाल्या.

बाईंचं बरोबर होतं. मूल कसंही असो, आईवडिलांचं पालकत्व अठराव्या वर्षी संपतं. पुढचं पालकत्व राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली मागावं लागतं, तेही स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तरच. ओळखीतल्या एका काकूंचे यजमान कोमात गेले, तेव्हा त्यांनी आमच्याकडे हाच फॉर्म मागितला. त्यांना तो चालणार नव्हता, हायकोर्टात रिट याचिका करावी लागली. काकांनी आधी करून दिलेलं मुखत्यारपत्र होतं, पण देणाऱ्याची शुद्ध गेली की ते संपतं. ज्या दिवसासाठी करून ठेवायचं, नेमकं त्याच दिवशी बाद!

आमचा अर्ज स्थानिक स्तर समितीकडे गेला. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी ती समिती. कागदांचं फार सांगत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव होतं, आधारवर नव्हतं, एवढ्यावर दोन महिने गेले.

सुनावणीत आईला प्रश्न विचारतील म्हणून मी तिची तयारी करून घेतली होती. पहिला प्रश्न भावाला. "तुझं सगळं कोण बघतं?" त्याने सरळ माझ्याकडे बोट केलं. "ताई. मोबाईल देते." सगळे हसले, आईही हसली, पण परतताना घरी येईपर्यंत गप्प होती. सुनावणीत पुढचा प्रश्न तिला होता, पालक नेमका कशासाठी हवा? ती म्हणाली, "सगळ्यासाठीच." तसं चालत नाही. बँक, पेन्शन, उपचारांची संमती असं एकेक सांगावं लागलं.

आदेश हातात आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची असते. एक पासबुक लिहून झाल्यावर आईने विचारलं, "त्याचा रेडिओ लिहू?" शिवाय दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. आयुष्यात कधी हिशेब न ठेवलेली माझी आई आता दोनशे पानी वहीत 'केस कापले' हेसुद्धा तारखेसकट लिहिते.

कचेरीतून निघताना तिने कारकुनाला विचारलं होतं, "माझ्यानंतर हिच्या नावावर आपोआप होईल ना?"

"नाही हो. पुन्हा अर्ज."

माझ्या कागदांची फाईल मी करून ठेवली आहे. आईच्या वहीशेजारीच असते.