मुख्याध्यापक पाहिजेत

जाहिरातीच्या मसुद्यात चौथ्या ओळीला लिहिलं होतं, ‘उत्तम वक्तृत्व आवश्यक’. शाळा कर्णबधिर मुलांची, आणि आम्ही वक्तृत्व मागत होतो. कुठल्या तरी हायस्कूलच्या जुन्या जाहिरातीवरनं मजकूर उतरवलाय, हे उघड दिसत होतं. मी त्या ओळीवर पेन्सिलीनं रेघ मारली, तर अध्यक्ष म्हणाले, “असू दे की वो ताई. पोरं बहिरी हायत, पालक न्हाईत. पंधरा ऑगस्टला भाषण कोण करणार?”

सगळे हसले. मीही हसले. ओळ राहिली.

मी या शाळेची खजिनदार. त्याआधी इथली पालक. माझी मुलगी बालवर्गापासून सातवीपर्यंत इथं शिकली, आता कोल्हापुरातच लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात डीटीपी करते. शाळा विनाअनुदानित, देणग्यांवर चालणारी. ५८ मुलं, त्यातली ३५ वसतिगृहात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडची बरीच, दोघं-तिघं निपाणीकडची. अध्यक्षांची उद्यमनगरात फौंड्री आहे. माणूस दिलदार. पगाराला पैसे कमी पडले तर स्वतःच्या खिशातनं घालतात आणि कुणाला सांगत नाहीत. पण मुलांशी त्यांचं बोलणं म्हणजे डोक्यावर हात ठेवायचा आणि पेढा द्यायचा, एवढंच.

आमचे मुख्याध्यापक सर २४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त होणार होते. ते जुन्या वळणाचे, वाचेवर भर देणारे. मुलानं ओठ वाचावेत, तोंडानं बोलावं, हात मांडीवर ठेवावेत. त्यांना तरी काय बोल लावायचा? १८८० साली मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि वर्गातनं हातांची भाषा काढून टाका असा ठराव झाला, त्याची सावली जगभरच्या शाळांवर शंभर वर्षं होती. सरांचं प्रशिक्षण त्याच सावलीत झालं. माझ्या मुलीचा पहिला ‘आई’ हा शब्द त्यांनीच काढून घेतला, हे मी विसरणार नाही. पण आरशापुढं बसून मी स्वतः एकदा बघितलंय, पाय, बाय आणि माय हे तिन्ही शब्द ओठांवर एकसारखेच दिसतात. क, ख, ग तर घशातच राहतात. मुलीला सात वर्षं झाली तेव्हा मला कळलं, की ती अर्ध्याहून जास्त गोष्टी नुसत्या अंदाजानं ओळखते आणि मान हलवते. खरं बोलणं चालायचं ते मधल्या सुट्टीत, नळाजवळ, हातांनी.

जाहिरात दोन पेपरांत दिली. १७ अर्ज आले. एका अर्जाला नगरसेवकांचं शिफारसपत्र जोडलेलं होतं, आणि ते अर्जापेक्षा मोठं होतं.

छाननीला मी आणि समितीवरचे कानाचे डॉक्टर बसलो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. विशेष शाळेत शिकवायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यानं या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. नुसतं बी.एड. चालत नाही, विशेष शिक्षणाचं लागतं आणि तेही श्रवणदोष या शाखेचं. सहा जणांचं साधं बी.एड. होतं. पाच जणांची पदविका विशेष शिक्षणाचीच, पण बौद्धिक अक्षमतेच्या शाखेची. ती माणसं चांगली असतील, पण तो विषयच वेगळा. एकाची नोंदणी संपलेली. ती दर पाच वर्षांनी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि “करतो की मॅडम, काय घाई आहे” असं त्यांनी फोनवर सांगितलं. राहिले पाच.

या पाचांतला एक अर्ज हातानं लिहिलेला होता. अक्षर टपोरं. शिक्षण बरोबर, नोंदणी चालू, ११ वर्षांचा अनुभव. शेवटची ओळ : ‘मी ऐकू शकत नाही. कृपया व्हॉट्सॲपवर संदेश पाठवावा.’

समितीत तो अर्ज या हातातनं त्या हातात फिरला. कुणीतरी म्हणालं, “फोन कोण घेणार?” दुसरं कुणी म्हणालं, “जिल्हा परिषदेत जाऊन बोलणार कोण?” वाईट हेतूनं कुणीच बोललं नाही. अर्ज गठ्ठ्याच्या खाली गेला. मी काही बोलले नाही. रात्री मुलीला हे सांगितलं, तर तिनं हातांनी एकच प्रश्न विचारला, “बहिरा म्हणून?” मी तिला म्हटलं, तसं नाही, बाकीचे जास्त चांगले होते. बाकीच्यांना तोवर मी पाहिलंसुद्धा नव्हतं.

मुलाखतीला चौघांना बोलावलं. एकानं आदल्या रात्री येत नसल्याचं कळवलं. तिघं आले.

दोन गोष्टींसाठी मी आधीच भांडून ठेवलं होतं. एक, प्रत्येकानं चौथीच्या वर्गावर पंधरा मिनिटांचा पाठ घ्यायचा. दोन, मोठ्या चार मुलांनी उमेदवारांना प्रश्न विचारायचे. दुसऱ्या गोष्टीला अध्यक्ष तयारच नव्हते. “नोकरी मागायला आलेल्या माणसाची मुलाखत पोरं घेणार? मग आपण कशाला बसायचं?” शेवटी, चहापाण्यानंतर दहा मिनिटं, एवढ्यावर मिटलं.

पहिले गृहस्थ साठीच्या आसपासचे, एका मोठ्या शाळेतनं निवृत्त झालेले. आवाज काय, व्यक्तिमत्त्व काय! समितीपुढं त्यांनी शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणापासून सुरुवात केली ती थेट २०२० च्या शैक्षणिक धोरणापर्यंत आणली. अध्यक्ष खुश. मग ते वर्गात गेले आणि खिडकीकडं पाठ करून उभे राहिले. सकाळचं ऊन मागनं येत होतं, चेहरा काळा. त्यात मिशी झुपकेदार, वरचा ओठ पूर्ण झाकलेला. फळ्यावर लिहिता लिहिता, म्हणजे मुलांकडं पाठ करून, ते बोलत राहिले. आवाज कॉरिडॉरपर्यंत खणखणीत ऐकू येत होता. तिसऱ्या मिनिटाला एका मुलीनं वहीच्या मागच्या पानावर मिशी काढली आणि शेजारणीला दाखवली. ते सगळं काही आम्हा ऐकणाऱ्यांसाठी चाललं होतं.

दुसऱ्या बाई सांगलीकडच्या. वर्गात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी पडदा ओढला, बाकं हलवून मुलांना अर्धगोल बसवलं, म्हणजे सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसावेत. एका मुलाचं कानामागचं श्रवणयंत्र शीळ घालत होतं. त्याचा कानात बसणारा साचा सैल झाला होता, तो त्यांनी बोटानं नीट बसवला. आणि पाठ घेतला तो विभक्तीचा! आमची मुलं ‘मी काल आई गाव जातो’ असं लिहितात. ने, ला, हून हे प्रत्यय ओठांवर दिसत नाहीत आणि खुणांच्या भाषेला त्यांची गरज नाही, मग मुलाला ते कुठनं कळणार? बाईंनी ‘राजू आंबा खातो’ आणि ‘राजूला आंबा आवडतो’ ही दोन वाक्यं लिहिली, आधी हातांनी दोन्हींचा अर्थ सांगितला, मग त्या ‘ला’ला लाल खडूनं गोल केला. मला तिथंच वाटलं, झालं, मिळाल्या.

तिसरे पस्तिशीचे, गडहिंग्लजकडचे. समितीपुढं त्यांची गाळण उडाली. वार्षिक अंदाजपत्रकाबद्दल विचारलं तर म्हणाले, “हिशेब मी कधी लिहिलेले नाहीत.” वर्गात मात्र खाली फरशीवरच बसले. पाठ काय घेतला ते मला धड आठवत नाही, इतका तो गप्पांसारखा होता.

मग चार मुलं बसली. दुभाष्याचं काम आमच्या एका शिक्षिकेनं केलं. पहिले प्रश्न साधेच होते, क्रिकेट आवडतं का, मारता का, रविवारी टीव्ही लावू देणार का. मग दहावीतल्या एका मुलानं विचारलं, “रात्री लाइट गेली तर आमच्याशी कसं बोलणार?”

हा प्रश्न कुठनं आला ते मला लगेच कळलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या भागात पाणी आलं नाही, पण वीज गेली ती तीन रात्री. तेव्हा हा मुलगा नऊ वर्षांचा होता, वसतिगृहात होता. बाहेर काय चाललंय ते मुलांना ऐकू येत नाही, अंधारात हात दिसत नाहीत, ओठ दिसत नाहीत. ऐकणाऱ्या मुलाला अंधारात निदान शेजारच्याचा आवाज तरी असतो. आमच्या काळजीवाहक मावशींनी त्या रात्री मुलांना एकमेकांचे हात धरून एका खोलीत बसवलं होतं.

मिशीवाले गृहस्थ म्हणाले, “रात्री मुलांनी झोपावं.” सांगलीच्या बाई म्हणाल्या, “इन्व्हर्टरची सोय करून घेऊ.” उत्तर चुकीचं नव्हतं. गडहिंग्लजचे सर काही बोललेच नाहीत. खिशातनं मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि हनुवटीखाली धरून उजेड स्वतःच्या चेहऱ्यावर घेतला. मग तो मुलाच्या हातात दिला, तुझ्यावर घे म्हणून खूण केली. तिथंच म्हणाले, की लोक बॅटरी मुलाच्या डोळ्यावर मारतात, मुलगा आणखीच घाबरतो. उजेड बोलणाऱ्यावर पाहिजे. आणि उजेडच नसला तर मुलाचा हात आपल्या हातावर ठेवून खुणा करायच्या.

मुलांनी कागदावर तिसऱ्यांचं नाव लिहिलं. आम्ही दुसऱ्या बाईंना निवडलं. मीही त्यांनाच मत दिलं, आणि आजही मला ते चुकीचं वाटत नाही. शाळेला हिशेब कळणारं, कागद सांभाळणारं माणूस हवं होतं.

रुजू व्हायच्या चार दिवस आधी बाईंचा फोन आला. अनुदानित शाळेची ऑर्डर निघाली होती. मी काय बोलणार? आम्ही देत होतो महिना ३२ हजार. तिकडं सातवा वेतन आयोग. आमच्यासारख्या शाळा ही चांगल्या माणसांची धर्मशाळा असते, रात्रभर राहतात आणि पहाटेच्या गाडीनं जातात.

पुन्हा बैठक. अध्यक्ष पुन्हा त्या मिशीवाल्या गृहस्थांवर. मी मुलांचा कागद पुढं ठेवला. त्यानं फार फरक पडला असं म्हणता येणार नाही. फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीनं. त्या गृहस्थांनी गाडीभत्ता मागितला होता, आणि गडहिंग्लजचे सर म्हणाले होते, राहायला एक खोली द्या, बास. हिशेबाला आठवड्यातनं दोन दिवस अर्धवेळ माणूस ठेवायचं ठरलं. अध्यक्ष म्हणाले, “बरं, बघू एक वर्ष.”

निवासी शाळा म्हटल्यावर पडताळणीत कसूर करून चालत नाही. पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी झालीच. पण कागदावर माझा भरवसा कमी. एसटीनं मी त्यांच्या जुन्या शाळेत गेले. तिथल्या मुख्याध्यापकांनी चार चांगले शब्द सांगितले, ते सगळेच सांगतात. निघताना स्वयंपाकघरात डोकावले. भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारलं, सर जेवायला कुठं बसायचे?

“पोरांच्या पंगतीत.”

“रोज?”

“रोज. आन् रोज आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुर. गेले ते बरं झालं म्हणा.” एवढं बोलून त्यांनी पदरानं डोळे पुसले. चुलीचा धूरही होता म्हणा.

सर जूनमध्ये रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्यांना नाव ठेवलं. बधिर मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. जुन्या सरांचं होतं चष्मा वर सरकवणं, माझं आहे नोटा मोजणं. यांचं, हनुवटीखाली मूठ. टॉर्चची.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भरतीची फाइल मागितली. सांकेतिक भाषेला एक शिक्षक घ्यायचाय, कुणी अर्ज केलाय का बघतो म्हणाले. मला वाटलं, दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश २०२१ पासून आहे, तोच वापरू. ते म्हणाले, कोशाशी मुलं भांडत नाहीत ना ताई, भाषा भांडताना येते. गठ्ठ्याच्या तळाचा तो टपोऱ्या अक्षराचा अर्ज त्यांनी बाहेर काढला. शेवटची ओळ वाचली.

“यांना का नाही बोलावलं?”

मी खरं सांगितलं. फोन कोण घेणार म्हणून.

ते काही बोलले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याची प्रत त्यांच्या टेबलावर होती, कलम १७ ला पेन्सिलीची खूण. सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक नेमा, त्यात स्वतः दिव्यांग असलेलेही घ्या, असं तिथं लिहिलंय. ते कलम त्यांनी मला दाखवलं नाही, मीच वाचलं. त्यांची नजर कोपऱ्यातल्या फोनकडं गेली. तो गेल्या पावसाळ्यात बंद पडला, तो कुणी दुरुस्तच केला नव्हता.

संदेश मी माझ्या मोबाइलवरनं पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर तिसऱ्या दिवशी. पद कोणतं, पगार किती, आणि मुलाखतीला दुभाषा असणार का? शाळेतलाच कुणी नको, बाहेरचा हवा.

मुलीला तो संदेश दाखवला. तिनं वाचला, मोबाइल परत दिला आणि विचारलं, “आहे का?”

शोधतेय. कोल्हापुरात अजून मिळालेला नाही, आता पुण्यात विचारतेय.