नाटा, बारावी आणि कॅप राऊंड : बी.आर्कच्या ॲडमिशनचा माझा अनुभव

बी.आर्कला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, ॲडमिशन घ्यायला नेमकं काय करावं लागतं असं आमच्या कॉलेजच्या ज्युनिअर मुली सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी वाईची. आमच्याकडे सायन्स घेतलं की इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल, तिसरं काही सांगणारं घरात कुणी नव्हतं. मामाने एवढंच सांगितलं की कोर्स पाच वर्षांचा आहे आणि आर्किटेक्ट म्हणून काम करायचं तर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन लागतं, तेव्हा कौन्सिलची मान्यता असलेलंच कॉलेज बघ.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की महाराष्ट्रात कॅपच्या, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेच्या, मेरिटला निम्मं वजन बारावीच्या मार्कांचं आणि निम्मं नाटा (आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा) किंवा जेईई पेपर २ (त्यातला आर्किटेक्चरचा भाग २ए) च्या स्कोअरचं असतं. फिजिक्स आणि मॅथ्स तर लागतातच. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा हात इतका सुंदर होता, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड, पण "तुला काय, चित्रकला येते म्हणजे झालं" असं सगळ्यांनी ऐकवून ऐकवून तिने बोर्डाचा अभ्यास सोडल्यातच जमा केला आणि मेरिट लिस्टमध्ये ती फार मागे गेली. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. तिला वेळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

नागपूरचं व्हीएनआयटी किंवा दिल्ली, भोपाळचं एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) अशी केंद्राची कॉलेजं हवी असतील तर जेईईचा पेपर २ए द्यावाच लागतो, तिथे नाटा चालत नाही. मी नाटावर भर दिला. एकूण २०० मार्क, त्यातले ८० कागदावरच्या ड्रॉईंगचे आणि १२० कॉम्प्युटरवरच्या प्रश्नांचे, दोन्हीला दीड दीड तास. ड्रॉईंगमध्ये एक रंगाचं कॉम्पोझिशन, एक ब्लॅक अँड व्हाइट स्केच आणि तिसरं म्हणजे ते देतात त्या सामानातून थ्रीडी मॉडेल. या तिसऱ्याची सगळ्यांना भीती वाटते, पण घरी जुन्या पुठ्ठ्याचे, कार्डपेपरचे तुकडे कापून, घड्या घालून, खाचा पाडून एकमेकांत अडकवत बसलं की आपोआप कळायला लागतं काय उभं राहतं आणि काय कलतं.

स्केचिंगसाठी मी क्लासच्या शीट्सपेक्षा वाईच्या कृष्णेच्या घाटावर जास्त बसले. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत कधी नीट बघितलीये? माशासारखी निमुळती केलीये, कृष्णेला पूर आला की पाणी दोन्ही बाजूंनी फाटून जावं म्हणून. ती काढताना ड्रॉईंगच्या सरांनी पेन्सिल हातातून घेतली आणि आधी फक्त आय लेव्हलची, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीची, एक आडवी रेघ मारली, म्हणाले, "बाळा, आता सगळ्या पायऱ्या या रेघेला विचारून काढ." रेघेच्या खालच्या पायऱ्यांचा वरचा भाग दिसतो, वर गेल्या की नुसती उभी बाजूच दिसते, हे पुस्तकात वाचलं होतं पण समजलं त्या दिवशी. कृपा करून फोटोवरून काढू नका, जागेवर जाऊन बसा, धुणं धुणाऱ्या बायका, सायकली, चहाची टपरी सगळं काढा, कारण परीक्षेत असाच रोजचा प्रसंग मनाने उभा करायचा असतो.

कागदपत्रांचं बाबांनी बघितलं. डोमिसाईल, आणि लागू असेल त्यांना कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर, ही बारावीची परीक्षा संपली की लगेच करायला टाका, कारण निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.

कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरताना मात्र आम्ही घाई केली नाही. पुण्यातल्या कॉलेजांत प्रत्यक्ष जाऊन आले, स्टुडिओत सीनियर्स रात्री किती वाजेपर्यंत बसतात, मॉडेल्सना खर्च किती येतो, होस्टेल जवळ आहे का, सगळं त्यांनाच विचारलं. एका ताईने तर तिच्या पहिल्या वर्षाच्या सगळ्या शीट्स उलगडून दाखवल्या. नुसता मागच्या वर्षीचा कटऑफ बघून मी जे कॉलेज वर टाकणार होते ते त्या दिवशी चौथ्या नंबरवर गेलं, आणि ताईचं कॉलेज पहिल्या. तेच मिळालं.